बँकेने गृहकर्ज नाकारले. पतसंस्थेकडून घ्यावे का?

पोळीभाजी_मिरज

सर्वांना नमस्कार. मी व माझी पत्नी गेली अकरा वर्षे मिरजेत पोळीभाजी केंद्र चालवतो. सर्व खर्च वजा जाता महिन्याला सुमारे ४५ हजार रुपये हाती राहतात, मात्र त्यातील बहुतेक रक्कम रोखीने येते आणि प्राप्तिकर विवरणपत्र आम्ही गेल्या वर्षी प्रथमच भरले. सध्या ६,५०० रुपये भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. जवळच्या गुंठेवारी वसाहतीत (शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून वसलेल्या) दीड गुंठ्यावर बांधलेले घर १८ लाखांना मिळत आहे. आमच्याकडे सहा लाख आहेत, तेव्हा बारा लाखांची गरज आहे.

एका राष्ट्रीयीकृत बँकेने अर्ज परत केला. लेखी काही दिले नाही. उत्पन्नाचा पुरेसा पुरावा नाही आणि जागेची कागदपत्रे अपुरी आहेत, अशी दोन कारणे अधिकाऱ्यांनी तोंडी सांगितली.

गल्लीतील एका पतसंस्थेत आमची आठ वर्षांपासून रोज ५०० रुपयांची पिग्मी आहे. पिग्मी एजंट रात्री नऊच्या सुमारास, आम्ही पराती घासायला घेतो तेव्हा येतो, आणि त्याला रिकाम्या हाताने परत पाठवल्याचे दिवस बोटांवर मोजता येतील. हे सहा लाख त्यातूनच उभे राहिले. तो म्हणतो की संस्था आम्हाला ‘नऊ टक्क्यांनी’ बारा लाख दहा वर्षांसाठी देईल, हप्ता १९,००० रुपये पडेल आणि दोन जामीनदार लागतील. जागेच्या कागदांची संस्था फारशी चिकित्सा करत नाही. हे कर्ज घ्यावे की थांबावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_व्यवस्थापक

मी सव्वीस वर्षे एका पतसंस्थेत नोकरी केली, त्यामुळे पतसंस्थांबद्दल माझ्या मनात आकस नाही, उलट जिव्हाळाच आहे. तरीही आपल्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य वाचून मला लिहिणे भाग पडले.

बँकेने दोन कारणे सांगितली, पण ती एका जातीची नाहीत. उत्पन्नाचा पुरावा नसणे ही बँकेची अडचण आहे. आपण कमावता हे तिला दिसत नाही, इतकेच. ही अडचण सोडवण्यासाठीच पतसंस्था असतात, कारण आठ वर्षांची पिग्मी ज्या संस्थेने स्वतः गोळा केली तिला आपल्या उत्पन्नाचा निराळा दाखला लागत नाही. आपण पिग्मीचे महिन्याला १५,००० आणि भाड्याचे ६,५०० असे २१,५०० रुपये आजच बाजूला काढत आहात; हप्ता झेपेल की नाही, याचे उत्तर त्या पुस्तकात लिहिलेले आहे. जागेची कागदपत्रे अपुरी असणे ही मात्र आपली अडचण आहे. कर्ज देणाऱ्याने तिकडे डोळेझाक केली म्हणून ती नाहीशी होत नाही. कर्ज फिटल्यावरही ती आपल्याच पदरात राहते. पतसंस्थेजवळ निदान दोन जामीनदार असतात, आपल्याजवळ कोण असणार?

आता त्या नऊ टक्क्यांविषयी. बारा लाखांवर नऊ टक्क्यांनी दहा वर्षांचे व्याज १०.८० लाख, एकूण २२.८० लाख, त्याला १२० ने भागले की बरोबर १९,००० येतात. याचा अर्थ व्याज पूर्ण मुदतभर मूळ बारा लाखांवर आकारलेले आहे, हप्त्यागणिक कमी होणाऱ्या शिलकीवर नाही. घटत्या शिलकीच्या हिशेबाने हा दर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास जातो. एजंट खोटे बोलला असे मी म्हणणार नाही, बहुधा त्यालाही हा फरक कोणी सांगितलेला नसतो. पण संस्थेच्या कार्यालयात जाऊन ‘घटत्या शिलकीवर दर किती’ हा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर मंजुरीपत्रावर लिहून घ्यावे. तुलनेसाठी सांगतो की घटत्या शिलकीवर १३ टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी, बारा लाखांचा हप्ता सुमारे १७,९१७ रुपये बसतो.

संस्थेची प्रकृतीही पाहून घ्यावी. आपण सभासद झालात की वार्षिक अहवाल मागण्याचा हक्क आपल्याला मिळतो. त्यात लेखापरीक्षणाचा वर्ग आणि थकबाकीचे प्रमाण पाहावे. कर्जदाराला वाटते की संस्था बुडाली तर ठेवीदार रडतील, आपले काय जाणार? प्रत्यक्षात संस्थेवर अवसायक (संस्था गुंडाळणारा अधिकारी) नेमला गेला तरी कर्ज माफ होत नाही, आणि पूर्ण परतफेड करूनही मूळ खरेदीखत परत मिळवणे व सातबाऱ्याच्या इतर हक्कातील बोजा उतरवणे यासाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालणारे लोक मी पाहिले आहेत. बँका आणि गृहवित्त कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून बंधन घातले आहे की परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावेत, अन्यथा त्यांच्या चुकीने होणाऱ्या विलंबाबद्दल दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी. पतसंस्था सहकार खात्याच्या निबंधकांच्या अखत्यारीत येते. तिला हा नियम लागू नाही.

आणखी एक. कर्जाच्या बदल्यात उरलेली बचत त्याच संस्थेत मुदत ठेव म्हणून ठेवा, असा आग्रह झाल्यास नम्रपणे नकार द्यावा. सहकारी बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवीला ते नसते.

कधीकाळचा_जामीनदार

वरील प्रतिसादात जामीनदारांचा उल्लेख ओझरता आला आहे, म्हणून त्यांच्या बाजूने लिहितो. मी एका शाळेत लिपिक आहे. २०१६ मध्ये शेजाऱ्याच्या गृहकर्जाला जामीन राहिलो, कारण आमच्या आळीत पगारदार मी एकटाच होतो आणि नाही म्हणणे बरे दिसले नसते. शेजाऱ्याचा व्यवसाय बसला. संस्थेने सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवला, आणि घर विकायला काढण्याऐवजी माझ्या पगाराला हात घातला, कारण जागेचे कागद इतके गुंतागुंतीचे होते की तिचा लिलाव करायला कोणी पुढे येईना. म्हणजे ज्या कागदांची चिकित्सा कर्ज देताना झाली नाही, त्यांची किंमत मी तीन वर्षे दरमहा ७,००० रुपये अशी मोजली. मी कायद्याला दोष देत नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे सहीच्या वरच छापलेले होते, मी वाचले नाही.

आपण ज्या दोघांना विचारणार आहात त्यांना जागेचे कागद आधी दाखवावेत, एवढी विनंती. आणि शक्य असेल तर मेहुण्याला विचारू नये.

तासगाव_रस्ता

माझा शिवणकामाचा व्यवसाय आहे आणि माझाही अर्ज २०२२ मध्ये बँकेने परत केला होता. बँक आणि पतसंस्था यांच्या मध्ये दोन पायऱ्या आहेत, त्यांचा विचार इथे झालेला दिसत नाही.

पहिली पायरी नागरी सहकारी बँकेची. ती रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली असली तरी शाखाधिकारी बहुधा गावचाच असतो. माझ्या वेळी त्याने दुकानात येऊन अर्धा तास बसून गिऱ्हाईक मोजले, कापडाच्या घाऊक व्यापाऱ्याची बिले पाहिली आणि वीजबिलावरून मशीन किती चालते याचा अंदाज बांधला. कर्जाच्या अडीच टक्के रकमेचे बँकेचे भाग (शेअर) घ्यावे लागले. व्याज मोठ्या बँकेपेक्षा दीड टक्का जास्त पडले, मुदत पंधरा वर्षे मिळाली. दुसरी पायरी छोट्या रकमेची कर्जे देणाऱ्या गृहवित्त कंपन्यांची. त्या रोखीचा व्यवसाय मोजून कर्ज देतात, मात्र दर आणि प्रक्रिया शुल्क दोन्ही चढे असतात, तेव्हा सर्व आकार लेखी मागावेत. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर या दोन्ही ठिकाणी मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावता येत नाही, ही जमेची बाजू. पतसंस्थेत तो लागेल की नाही, हे तिच्या नियमांवर अवलंबून असते.

दोन गोष्टी पतसंस्थेत साधारणपणे मिळत नाहीत, त्या सांगतो. तेथील हप्ते वेळेवर भरल्याची नोंद बहुधा सिबिलमध्ये (बँका पाहतात त्या कर्जफेडीच्या नोंदवहीत) उमटत नाही, त्यामुळे पाच वर्षे चोख परतफेड करूनही बँकेच्या दृष्टीने आपण कोरेच राहता. दुसरे म्हणजे, प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधील व्याज अनुदान. वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल, आणि कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्के घर नसेल, तर पहिल्या आठ लाखांवर चार टक्के अनुदान, जास्तीत जास्त १.८० लाख रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते. आपल्या उत्पन्नगटात घर पत्नीच्या नावे किंवा दोघांच्या नावे असावे लागते. योजना चालू आहे की नाही आणि कर्ज देणारी बँक किंवा कंपनी योजनेत नोंदलेली आहे की नाही, हे अर्जापूर्वी विचारून घ्यावे.

एका गोष्टीत मात्र निवृत्त व्यवस्थापकांशी माझा थोडा मतभेद आहे. जास्त दर म्हणजे नेहमी तोटा, असा समज त्यांच्या उत्तरावरून होऊ शकतो. बारा लाख नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता १०,७९७ रुपये पडतो, पण एकूण व्याज सुमारे १३.९१ लाख होते; तेच तेरा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडले तर साडेनऊ लाख. प्रश्न एवढाच की पावसाळ्यात, वसतिगृहातील मुले सुट्टीला गेल्यावर, आपल्या केंद्रातून १७,९१७ निघतील का?

पोळीभाजी_मिरज

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मे आणि जून हे आमचे पडते महिने आहेत, हे आपण न विचारता ओळखलेत; तेव्हा १९,००० निघणार नाहीत, १२,००० निघतील.

प्रतिसाद वाचून काल मी घर विकणाऱ्यांकडून कागद मागून आणले. सातबाऱ्यावर सदतीस नावे आहेत आणि त्यांत त्यांचे नाव नाही. त्यांनी २००९ मध्ये ही जागा १०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून घेतली. गुंठेवारी नियमितीकरणाचा दाखला विचारला तेव्हा त्यांनी महापालिकेची घरपट्टीची पावती पुढे केली आणि ‘हेच ते’ असे सांगितले. पतसंस्थेच्या कार्यालयातही गेलो होतो. घटत्या शिलकीवरचा दर विचारल्यावर लिपिकाने व्यवस्थापकांना विचारून १४.५ असा आकडा माझ्या वहीत लिहून दिला.

निवृत्त_व्यवस्थापक

घरपट्टीची पावती ही कर भरल्याची पावती आहे, मालकीचा पुरावा नव्हे. शंभर रुपयांपेक्षा अधिक किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत खरेदीखताशिवाय विकली जात नाही, आणि नोटरीचा शिक्का त्याची जागा घेऊ शकत नाही. अशा स्थितीत विक्रेते जे विकू पाहत आहेत ते त्यांच्या नावावर नाही.

मार्ग अगदीच बंद नाही. २०२१ च्या सुधारणेनंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी बांधकामे नियमित करण्याची तरतूद झाली आहे. विक्रेत्याने सातबाऱ्यावरील मूळ खातेदारांकडून नोंदणीकृत खरेदीखत करून घ्यावे, महापालिकेत प्रशमन शुल्क (बांधकाम नियमित करण्याचा आकार) व विकास शुल्क भरून दाखला आणावा, आणि मगच व्यवहार करावा, असे स्पष्ट सांगावे. तोपर्यंत विसार म्हणून एक रुपयाही देऊ नये. दाखल्यास जो वेळ लागेल त्यात आपले दुसरे विवरणपत्र भरून होईल, उद्यम नोंदणी (लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी) करता येईल आणि ऑनलाइन पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांची रक्कम व्यवसायाच्या खात्यात वळवता येईल. नंतर नागरी सहकारी बँकेत अर्ज करताना पिग्मीचा आठ वर्षांचा खाते उतारा सोबत जोडावा. तो उतारा संस्थेच्या शिक्क्यासह आजच मागून ठेवा.

विक्रेता दाखला आणायला तयार नसेल, तर घर दुसरे पाहावे. पिग्मी चालू ठेवावी.