विषय: खुल्या रंगमंचावरील कार्यक्रम – दुपारचा खेळ घ्यावा की संध्याकाळचा?

प्रेषक: कार्यवाह, सांस्कृतिक समिती

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यातील खुल्या रंगमंचावरील नाटकांचे आणि मैफलींचे वेळापत्रक हाती आले आहे. यंदा मंडळातर्फे शेक्सपिअरची एक सुखात्मिका आणि वाद्यवृंदाची एक मैफल अशा दोन कार्यक्रमांना आपण एकत्र जावे, असे समितीच्या बैठकीत ठरले. दोहोंचेही दुपारी एक आणि संध्याकाळी एक असे खेळ आहेत, आणि ज्येष्ठ सभासदांना उजेडात घरी परतता यावे म्हणून समितीचा कल दोन्ही वेळा दुपारकडे आहे. मात्र गेल्या वर्षी दुपारच्या मैफलीत आपण हिरवळीवर अगदी मागे बसलो होतो आणि व्हायोलिनचे हळुवार भाग मध्येच ऐकू येत, मध्येच विरून जात. ही तक्रार अनेकांनी माझ्याकडे केली आणि ती मलाही मान्य आहे. तिकिटे काढण्यापूर्वी, ज्यांनी अनेक वर्षे ध्वनियोजनेचे काम केले आहे त्या काकांनी याविषयी आपले मत कळवावे, ही विनंती.

आपली,
कार्यवाह

*

प्रेषक: ज्येष्ठ सभासद (ध्वनियोजना)

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

माझे मत आधीच सांगतो: मैफल संध्याकाळचीच घ्यावी, आणि त्यासाठी परतायला उशीर झाला तरी चालवून घ्यावा.

गेल्या वर्षी वाऱ्याने सूर उडवून नेले असे आपण सगळेच म्हणत होतो, पण त्यात उन्हाचाही मोठा हात होता. ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि तापमान एका अंशाने वाढले की तो सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. भर दुपारी जमीन तापलेली असते आणि तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते, त्यामुळे ध्वनिलहरीचा खालचा भाग वरच्या भागाच्या किंचित पुढे धावतो आणि संपूर्ण लहर हळूहळू आकाशाकडे वळते. पुढच्या रांगांना याचा काहीच त्रास होत नाही, परंतु शंभर-दीडशे मीटरवर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून ती निघून जाते. सूर्यास्तानंतर, आकाश निरभ्र असून वारा पडलेला असेल, तर जमीन आधी निवते, थंड हवा खाली राहते आणि तीच लहर पुन्हा जमिनीकडे झुकते. नदीपलीकडचे भजन रात्री शेजारी चालल्यासारखे ऐकू येते, त्याचेही हेच कारण आहे. वाऱ्याचेही तसेच. जमिनीलगत तो मंद असतो आणि वर जोराचा, म्हणून मंचाकडून आपल्याकडे वाहत असेल तर तो ध्वनी खाली वळवतो, आणि आपल्याकडून मंचाकडे वाहत असेल तर वर.

दुसरी अडचण भिंती आणि छत नसण्याची आहे. बंद सभागृहात मागच्या रांगेपर्यंत पोहोचणाऱ्या ध्वनीत परावर्तित ध्वनीचा वाटा मोठा असतो. उघड्यावर तो आधार जवळजवळ नाही, आणि अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. प्राचीन ग्रीकांनी यावर उतार आणि दगडी पायऱ्यांचा उपाय केला होता. एपिदाव्रोसचे नाट्यगृह इसवी सनपूर्व चौथ्या शतकातले असून त्यात सुमारे १४,००० प्रेक्षक बसू शकत. तिथल्या चुनखडीच्या पायऱ्यांच्या रांगा सुमारे ५०० हर्ट्झच्या खालचा ध्वनी, म्हणजे बराचसा गोंगाट, दाबतात आणि त्यावरचे सूर पुढे जाऊ देतात, असा निष्कर्ष २००७ मध्ये संशोधकांनी मांडला. मंचावर पडलेल्या नाण्याचा आवाज सर्वांत वरच्या पायरीवर स्पष्ट ओळखू येतो, ही कथा मात्र पुढे प्रत्यक्ष मोजमापात टिकली नाही. वरपर्यंत पोहोचायला नटाची कमावलेली शब्दफेकच लागते. मला हे वाचून फार समाधान वाटले होते, कारण जागा कितीही उत्तम असली तरी निम्मे काम गळ्यालाच करावे लागते, हे मी तालमींत सतत सांगत आलो आहे.

आज हे काम ध्वनिक्षेपक करतात, आणि त्यातही एक मेख आहे. मंचापासून ३४ मीटरवर थेट ध्वनी पोहोचायला एक दशांश सेकंद लागतो, म्हणून मधल्या खांबांवरील ध्वनिक्षेपकांना तेवढ्याच उशिराने आवाज द्यावा लागतो. तसे केले नाही तर प्रत्येक ठेका दोनदा ऐकू येतो. गेल्या वर्षी आपण अशा दोन खांबांच्या मधोमध आणि त्यांच्याही मागे बसलो होतो. यंदा खांबांच्या पुढची जागा मागावी.

वादकांची बाजूही सांगायला हवी. उन्हात तारा सैल पडून सूर उतरतो, आणि त्याच उन्हात बासरी व क्लॅरिनेटमधील हवा तापून त्यांचा सूर चढतो. म्हणजे एकाच मंचावर अर्धा वाद्यवृंद खाली आणि अर्धा वर सरकत असतो. दुपारच्या एका मैफलीत मी अगदी पुढे बसलो होतो. पाने उडू नयेत म्हणून स्वरलिपीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावलेले होते, आणि प्रत्येक पान उलटताना दुसऱ्या रांगेतील व्हायोलिनवादक एका हाताने चिमटा काढून दातांत धरत असे व पुन्हा लावत असे. तेवढ्या वेळात त्याच्या दोन-तीन मात्रा सुटत. चूक त्याची नव्हती, आणि इतक्या अडचणीत तो जे वाजवत होता त्याबद्दल मला आजही आदर वाटतो. परंतु तेच वादक संध्याकाळी ऐकायला मिळत असतील, तर दुपारचा आग्रह धरू नये.

आपला,
काका

*

प्रेषक: नाट्यविभाग प्रमुख

काका, सादर प्रणाम.

मैफलीबाबत आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. नाटकाबाबत मात्र माझे मत वेगळे आहे आणि ते मी आग्रहाने मांडते.

आपण निवडलेले नाटक मुळात दिवसाउजेडी करण्यासाठीच लिहिलेले आहे. शेक्सपिअरच्या काळी लंडनच्या खुल्या नाट्यगृहांत खेळ दुपारी होत आणि सूर्यप्रकाश हीच प्रकाशयोजना असे. मंचावर रात्र आणायची तर पात्राच्या हातात मशाल देऊन त्याच्याच तोंडी अंधाराचे वर्णन घालावे लागे, म्हणूनच या नाटकांतल्या संवादांत काळवेळ इतक्या बारकाईने येतो. शेक्सपिअरच्या नाटकमंडळीच्या ग्लोब या जुन्या नाट्यगृहाच्या धर्तीवर उभारलेले नवे ग्लोब १९९७ मध्ये लंडनमध्ये खुले झाले. तिथे सुमारे ७०० प्रेक्षक मंचापुढे उभे राहून नाटक पाहतात, आणि नटाला त्यांचे चेहरे स्पष्ट दिसत असल्यामुळे तो स्वगत शून्यात न म्हणता थेट एखाद्याच्या डोळ्यांत पाहून म्हणू शकतो. अंधारात बसलेल्या प्रेक्षकांपुढे हे साधत नाही. आपल्याकडे सूत्रधार प्रेक्षकांशी जी सलगी करतो, तिच्या हे फार जवळचे आहे, आणि आपल्या नव्या नटमंडळींनी ते एकदा तरी डोळ्यांनी पाहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

उत्तरेकडील देशांत जून-जुलैमध्ये अंधारच इतका उशिरा पडतो की संध्याकाळच्या खेळातही प्रकाशयोजनाकाराच्या वाट्याला मध्यंतरानंतरचाच भाग येतो. काही दिग्दर्शक या सरकत्या उजेडाचाच उपयोग करतात. पीटर ब्रुक यांनी १९८५ मध्ये फ्रान्समधील आव्हिन्याँ महोत्सवात ‘महाभारत’ बूलबाँ येथील दगडाच्या खाणीत सादर केले. सुमारे नऊ तासांच्या या नाटकाचे काही प्रयोग रात्रभर चालून पहाटे संपत, आणि युद्ध संपताना मागच्या कड्यावर खरोखरची पहाट होत असे. आपण निवडलेले नाटक शोकांतिका असते तर मीही संध्याकाळच मागितली असती.

तेव्हा नाटक दुपारी पाहावे, मात्र जागा सावलीतली आणि मंचाच्या शक्य तितकी जवळची असावी, कारण शब्द निसटला की सुखात्मिकेत विनोद निसटतो.

आपली नम्र,
नाट्यविभाग प्रमुख

*

प्रेषक: ज्येष्ठ सभासद (ध्वनियोजना)

ताई, नाटकाबाबतचा आपला मुद्दा मला पटला, आणि त्यापुरते माझे मत मी बदलतो.

फक्त पावसाचे सांगायचे राहिले. अमेरिकेतील टँगलवुड येथे ऑगस्ट १९३७ मध्ये वाग्नरच्या संगीताची मैफल वादळी पावसाने पुन्हापुन्हा खंडित झाली. त्याच संध्याकाळी कायमच्या छतासाठी निधी जमवायला सुरुवात झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे बाजूंनी उघडा असलेला मोठा मंडप उभा राहिला. आपल्या मैफलीच्या जागी असे छत नाही. छत्री उघडली की मागच्या तीन माणसांना मंच दिसत नाही, म्हणून सर्वांनी रेनकोटच आणावेत, असे कृपया परिपत्रकात लिहावे.

*

प्रेषक: कार्यवाह, सांस्कृतिक समिती

सर्वांचे आभार. नाटकाची तिकिटे दुपारच्या खेळाची, सावलीच्या बाजूची, आणि मैफलीची संध्याकाळची, ध्वनिक्षेपकांच्या खांबांच्या पुढची काढत आहे. पावसामुळे मैफल अर्ध्यावर थांबली तर दुसऱ्या दिवसाचे तिकीट मिळेल की पैसे परत मिळतील, हे तिकीट काढण्यापूर्वी लेखी विचारून घेईन आणि उत्तर येताच इथे कळवीन. मैफलीनंतर ज्येष्ठांना घरी सोडण्यासाठी ज्यांच्या गाडीत जागा असेल, त्यांनी किती जणांना नेता येईल हे कृपया याच पत्राला उत्तर देऊन कळवावे.