अनुभव हवेत: परवान्याचं हत्यार रोज कमरेला बाळगताना

माझं नौपाड्यात सोन्याचं छोटं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी रात्री दुकान बंद करून निघालो तेव्हा पार तीन हात नाक्यापर्यंत पाठलाग झाला. त्यानंतर परवान्याचा अर्ज केला. पडताळणी, डॉक्टरचा दाखला, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, मुलाखत, सगळं उरकून गेल्या महिन्यात परवाना हातात आला. आता .३२ बोअरचं कानपुरी रिव्हॉल्वर घेतोय. परवाना कसा मिळवायचा हे सांगणारे पुष्कळ भेटले. मिळाल्यावर ते अंगावर घेऊन दिवस कसा काढायचा, हे कुणी सांगत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं बाळगलंय त्यांनी लिहा. फुशारक्या नकोत, चुका सांगा.

माजी सैनिक, घोडबंदर रोड

फौजेत हत्यार दिसण्यासाठीच असायचं. इथे उलटं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल-रिव्हॉल्वर होल्स्टरमध्ये, म्हणजे हत्यार ठेवायच्या कव्हरमध्ये, आणि पूर्ण झाकलेलंच हवं. नुसतं पँटीत खोचून फिरणारे पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. ट्रिगर पूर्ण झाकणारं घट्ट होल्स्टर घ्या. त्यासोबत जाड पट्टा घ्या, नाहीतर पाऊण किलोचं वजन दिवसभर पँट खाली ओढत राहतं आणि तुम्ही ती वर ओढत राहता. तेवढ्यावरूनच बघणाऱ्याला कळतं.

पहिले पंधरा दिवस घरातल्या घरात रिकामं हत्यार लावून वावरा. बुटाची नाडी बांधा, खाली पडलेली किल्ली उचला, जेवायला मांडी घालून बसा. मी पहिल्याच दिवशी मांडी घातली आणि मूठ बरगडीत रुतली. शर्ट एक माप मोठा, गडद, चौकड्याचा. पांढऱ्या लिननमधून उन्हात सगळं दिसतं.

आणि संडास! हसू नका. आमच्या ओळखीतल्या एकाने हॉटेलात ते फ्लशच्या टाकीवर ठेवलं आणि बिल देऊन बाहेर पडला. पार्किंगमधून धावत परत आला तेव्हा सुदैवाने जागेवर होतं. होल्स्टरमधून काढायचंच नाही, पँटसोबत गुडघ्याशी राहू द्यायचं.

मार्केटातला व्यापारी, वाशी

माझी चूक लिहितो. तुर्भ्यात टेम्पो मागे घेण्यावरून वाद झाला. समोरचा शिव्या देत अंगावर आला. मी काहीच बाहेर काढलं नाही, फक्त शर्टाचं टोक वर करून कमरेवर हात ठेवला. त्याने तक्रार दिली. पुढे परवाना रद्द का करू नये अशी नोटीस आली. आठ महिने वकील, खुलासे आणि तारखा. हत्यार दाखवून धाक घालायला नियमात सरळ बंदी आहे आणि स्वसंरक्षणाचा हक्क जीव धोक्यात असताना कामी येतो, टेम्पोच्या भांडणात नाही.

आता कमरेला असलं की मी सगळ्यांना पुढे जाऊ देतो. रिक्षावाला, दुचाकीवाला, गिऱ्हाईक, सगळे. मुलगा म्हणतो, बाबा, एकदम संत झालात. आणि पार्टी असेल तर ते घरीच राहतं. एक पेग म्हणजेसुद्धा पार्टीच.

कंत्राटदार, ऐरोली

विमानतळावरची गोष्ट. हत्यार घरी तिजोरीत होतं, पण बॅग तीच होती जी मी सरावाला नेतो. एक्स-रेमध्ये काहीतरी दिसलं म्हणून त्यांनी बॅग उपसली. आतल्या चेनच्या कप्प्यात, अस्तराच्या उसवलेल्या शिवणीत, एक जिवंत काडतूस. जुन्या पेढ्याच्या कागदाला चिकटलेलं. मला स्वतःलाच पत्ता नव्हता. परवान्याचा फोटो मोबाइलमध्ये होता म्हणून निदान बोलायला तोंड राहिलं. तरी चौकशी, जबाब, अर्धा दिवस पोलीस ठाण्यात. विमान गेलं ते गेलंच. सरावाची बॅग वेगळी ठेवा, आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नका.

नाव नको, डोंबिवलीहून ठाण्याला येणारा

लग्नात 'एक बार उडव ना' म्हणणारे मेहुणे असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा हर्षगोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मेहुण्याला सांगा, फटाके आण.

गृहिणी, कळवा

बाळगतात ते, पण घरी सांभाळते मी, म्हणून लिहिते. आमच्याकडे रात्रीचा क्रम ठरलेला आहे. आल्यावर चहा नाही, टीव्ही नाही, आधी आतली खोली. नळीचं तोंड दरवेळी त्याच कोपऱ्यातल्या रेतीच्या बादलीकडे. रिव्हॉल्वर उघडून गोळ्या स्टीलच्या वाटीत ओततात आणि मी मोजते. सहा. एकदा पाचच भरल्या. दहा मिनिटं आम्ही दोघं गुडघ्यावर बसून पलंगाखाली शोधत होतो आणि दाराबाहेर नातू 'आजी, काय हरवलं?' विचारत होता. गोळी गादीच्या पांघरुणात सापडली. त्या दिवसापासून हत्यार एका कुलपात, गोळ्या दुसऱ्यात. एक किल्ली त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

दुकानदारभाऊ, परवाना तुमच्या नावावर असला तरी हत्यार घरात येणार आहे. घरात बोललात का?

निवृत्त बँक सुरक्षारक्षक, बेलापूर

निवडणुकीचं कुणी लिहिलं नाही. आचारसंहितेत जमा करण्याची नोटीस येऊ शकते. २०२४ मध्ये लोकसभेला एकदा, विधानसभेला पुन्हा, असं मी दोनदा जमा केलं. पावतीवर हत्यार क्रमांक आणि गोळ्यांची संख्या समोर उभं राहून तपासा, मगच सही करा. आणि देण्याआधी तेलाचं बोट फिरवा, चामड्याच्या होल्स्टरमधून काढून द्या. चामडं ओल धरतं. मी तसंच दिलं होतं. परत मिळालं तेव्हा सिलिंडरवर माझ्याच अंगठ्याचा ठसा गंजाने उमटला होता, रेषान् रेषा दिसत होती.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पट्टा उद्या बघतो, पंधरा दिवसांचा घरातला सरावही करतो. कळव्याच्या ताई, खरं सांगतो, बायकोने परवान्याला हो म्हटलं होतं. ते ठेवायचं कुठे, हे बोलणं अजून झालेलं नाही. आज जेवताना काढतो विषय.