नव्वदच्या दशकातलं इंडीपॉप: गाणी की नुसते व्हिडिओ?

रामबागकर (धागाकर्ता)

आमच्या इंदूरच्या मंडळाची यंदाची कोजागिरी 'नव्वदचं दशक' या विषयावर आहे आणि गाण्यांची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सभासदांकडून चिठ्ठ्या मागवल्या, तर निम्म्याहून जास्त इंडीपॉपच्याच निघाल्या, म्हणजे सिनेमाबाहेरच्या पॉप गाण्यांच्या. मेड इन इंडिया, ओ सनम, बोलो ता रा रा, डूबा डूबा, धूम पिचक धूम, फाल्गुनी पाठकची दोन. वादक घरचेच: कीबोर्ड, गिटार, ढोलक आणि एक ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम). तालमीला बसलो आणि अर्ध्या तासात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मुखडा दणक्यात होतो, मग पुढे वाजवायला काही उरतच नाही.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. हा सगळा केबलचा मामला होता. १९९४ ला चॅनल व्ही आलं, १९९६ ला एमटीव्हीनं इथला स्वतंत्र संसार थाटला. चोवीस तास काहीतरी दाखवायचं होतं आणि कंपन्यांना काहीतरी खपवायचं होतं. पैसा ओतला तो छायाचित्रणावर, कपड्यांवर, परदेशी जागांवर. चालीवर कोण कशाला डोकं चालवतो? अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' १९९५ चं, संगीत बिद्दूचं. बिद्दू म्हणजे साधा माणूस नव्हे, १९७४ साली 'कुंग फू फायटिंग' इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या नंबरावर नेलेला निर्माता. तरी सुरुवातीची देशांची यादी आणि मधला पुकारा सोडला, तर त्या गाण्यातलं काय आठवतं, सांगा. त्याच्या आदल्याच वर्षी 'हम आपके हैं कौन' आला होता. त्यातल्या कुठल्याही गाण्याचा अंतरा आमच्या मंडळातल्या काकू झोपेतून उठवलं तरी म्हणतील.

आणि 'टॉप टेन'चं म्हणाल, तर मोजत होतं कोण? अमेरिकेत १९९१ पासून बिलबोर्ड या संगीत साप्ताहिकाची अल्बमची यादी दुकानाच्या काउंटरवरच्या बारकोडवरून व्हायला लागली. त्याबरोबर कंट्री आणि रॅपवाले एकदम वर आले, कारण आधी दुकानदार तोंडी सांगतील तेच आकडे धरले जात होते. आपल्याकडे असं मोजमाप नव्हतंच. वाहिनी जे दिवसातून दहा वेळा दाखवेल ते हिट.

सुदामानगरी

चित्र दिसलं म्हणून गाणं खोटं, हा न्याय असेल तर चित्रहार आणि रंगोलीवर वाढलेल्या आपल्या अख्ख्या पिढीची आवड खोटी म्हणायची का? 'रंगीला' लोकांनी डोळे मिटून पाहिला होता वाटतं! सिनेमाच्या गाण्यामागे तीन तासांची गोष्ट असते, नट असतो, नटी असते. इंडीपॉपवाल्याला चार मिनिटांत उभं राहायचं असतं, तेही स्वतःच्या तोंडानं.

मुख्य मुद्दा तो तोंडाचाच आहे. त्याआधी गाणारा माणूस पडद्यामागे असायचा. अलिशा, लकी अली, दलेर मेहंदी, सुनीता राव, शान यांची गाणी त्यांच्या नावानं ओळखली गेली, कुठल्या हिरोच्या नाही. ही गोष्ट लहान नाही, भिया.

मालव्यातली आजी

तुम्ही मुलं भांडून राहिलात म्हणून सांगते. यादीवरचा संशय आमच्यापासूनचा आहे. आमची गीतमाला, म्हणजे सिनेगीतांच्या क्रमवारीचा कार्यक्रम, दर बुधवारी रात्री आठ वाजता, रेडिओ सिलोनवर, १९५२ पासून. अमीन सायानी 'पायदान' म्हणायचे आणि आमच्या घरात वडिलांसकट सगळे गप्प. तो क्रम ठरायचा रेकॉर्डच्या दुकानांतला खप आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रं यावरून. श्रोता संघ म्हणजे कधी कधी एकाच गल्लीतली पोरं. आता बोला.

आणि सिलोनला जावं का लागलं? तर आकाशवाणीवर सिनेसंगीत नको, असं ठरवणारे मंत्री बाळकृष्ण केसकर. आपल्यातलेच हो. त्यांना वाटलं लोक शास्त्रीय ऐकतील. लोकांनी रेडिओची सुई फिरवली. शेवटी १९५७ ला विविध भारती काढावी लागली. तेव्हा वरून कुणी ठरवलं म्हणून लोकांना गाणं आवडतं असं काही नसतं.

रामबागकर

आजी, पत्रं गल्लीतल्या पोरांनी लिहिलेली का असेनात, पण गाणं ऐकूनच लिहिलेली होती ना? माझा आक्षेप तिथेच आहे.

कॅसेटवाल्याचा भाचा

मी यात दोन्ही बाजूंचा साक्षीदार आहे, तेव्हा जरा लांबण लावतो.

मामाचं जेल रोडला कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. कायद्यात बसत नव्हतं, पण तेव्हा प्रत्येक गावात होतं आणि आता ते कधीचं बंदही झालं. सुट्टीत मी तिथे बसायचो. गिऱ्हाईक गाण्यांची यादी आणायचं, आपण साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची, दोन डेक जोडायचे आणि भरायला लावायची. साठच्या कॅसेटला एका बाजूला तीस मिनिटं. म्हणजे सहा गाणी बसतात, सातवं अर्ध्यात तुटतं. मामाची खासियत अशी, की तो यादी हातात आली की मनातल्या मनात मिनिटं मांडायचा आणि क्रम बदलून शेवटी असं गाणं घालायचा की फीत बरोबर संपेल. नवशिके दुकानदार सातवं गाणं तोडून द्यायचे आणि शिव्या खायचे.

आता पुराव्याचं. त्या याद्या हाच माझ्या मते इंदूरचा खरा चार्ट, कारण माणूस खिशातले पैसे काढून मागत होता. बारा गाण्यांतली नऊ-दहा सिनेमाची असायची, त्यातही कुमार सानू मोठ्या संख्येनं. फिल्मफेअर त्याला सलग पाच वर्षं मिळालं, ते काही उगाच नाही. इंडीपॉपचं एखाद-दुसरं. पण ते मागायची तऱ्हा बघा. सिनेमाचं गाणं लोक सिनेमाच्या नावानं किंवा पहिल्या ओळीनं लिहून आणायचे. इंडीपॉपचं काउंटरवर येऊन तोंडी सांगायचे: "ते पिरॅमिडवालं." "तो पेटीतून निघतो ते." "चार-चार दलेर नाचतात ते." "कठपुतळ्यांचं." मामा निमूटपणे यादीत लिहायचा, ओ सनम, मेड इन इंडिया, तुनक तुनक, मैंने पायल है छनकाई. नाव कुणालाच ठाऊक नसायचं.

रामबागकर

वा! यापेक्षा जास्त पुरावा मी स्वतः तरी काय दिला असता? पिरॅमिडवालं! गाण्याची ओळख चित्र, गायकाचं नाव ठाऊक नाही, शब्द ठाऊक नाहीत. सुदामानगरी म्हणतात गाणाऱ्याला तोंड मिळालं. काउंटरवर मिलिंद सोमणची पेटी लक्षात राहिली, अलिशाचं नाव नाही.

बेसूर पण उत्साही

अहो रामबागकर, जरा थांबा. भाच्यानं सांगितलेली दुसरी अर्धी गोष्ट तुम्ही गिळली. तो माणूस "पिरॅमिडवालं" म्हणून काय घेऊन गेला? कॅसेट. कॅसेटमध्ये पिरॅमिड आहे का? फुकटात टीव्हीवर दिवसभर दिसणारी गोष्ट त्यानं पैसे मोजून, चित्र वजा करून घरी नेली. म्हणजे हवं काय होतं त्याला?

आणि दलेरचं तर तुमच्या विरोधात जातं. तुम्ही आज म्हणताय तेच तेव्हा त्याला लोक म्हणत होते, की याची गाणी व्हिडिओतल्या सुंदर पोरींमुळे चालतात. मग १९९८ ला 'तुनक तुनक तुन'मध्ये त्यानं सगळ्यांना काढून टाकलं आणि कॉम्प्युटरवर स्वतःचेच चार अवतार करून नाचवले. स्वस्तातलं, वेडगळ दिसतं. तेच गाणं पुढे इंटरनेटवर, पंजाबीचा एक शब्द न समजणाऱ्या लोकांत, जगभर गेलं.

लकी अलीचा तो २०२० मधला व्हिडिओ पाहिलात ना? पिकलेली दाढी, हातात गिटार, शेजारी कसलाही सेट नाही, आणि 'ओ सनम'. त्यात इजिप्त नव्हतं. लोक तरी रडले.

रामबागकर

लोक रडले ते स्वतःच्या तरुणपणासाठी. १९९६ ला पाहिलेले पिरॅमिड आठवूनच रडले.

बेसूर पण उत्साही

मग 'हम आपके हैं कौन'चे अंतरे म्हणणाऱ्या काकू कशासाठी म्हणतात? व्याकरणासाठी?

तबलजी

संगीताबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गावात हे बोलायला मला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. इंडीपॉप हे एकच पोतं नाही. आत तीन वेगळे माल आहेत.

एक उसनवारीचा. बाबा सहगलचं 'ठंडा ठंडा पानी' १९९२ चं. त्याची मूळ धून व्हॅनिला आइस या अमेरिकी रॅपरची, आणि त्या व्हॅनिला आइसनंही ती क्वीन आणि डेव्हिड बोवीकडून उचललेली. दुसरा माल नाचाचा: दलेर, फाल्गुनी. त्यात अंतरा शोधणं म्हणजे गरब्यात विलंबित शोधणं. तिथे ठेका हीच बंदिश. तुमचा ऑक्टोपॅडवाला कच्चा असेल तर दोष गाण्याला देऊ नका. तिसरा माल खरा. कलोनियल कझिन्स, १९९६, हरिहरन आणि लेस्ली लुईस. त्यांचं 'कृष्णा नी बेगने' हे व्यासतीर्थांचं जुनं कानडी पद, त्याला गिटारची साथ देऊन उभं केलं. आणि १९९९ चं केकेचं 'पल', संगीत पुन्हा लेस्लीचंच. हे कीबोर्ड आणि एका गिटारवर चांगलं वाजतं, करून बघा. दहापैकी तीन-चार गाणी उरतात. कुठल्याही दशकातल्या सिनेमांना तरी याहून बरं प्रमाण जमलंय का?

रामबागकरांचं एक मान्य: दोन्ही अंतरे एकाच चालीवर, मध्ये तोच संगीताचा तुकडा पुन्हा, ही खोड या सगळ्यांना होती.

रात्रपाळीवाला

मी रामबागकरांच्या बाजूनं. परीक्षा इंदूरातच झाली. २००१ साली रेडिओ मिर्चीचं पहिलं केंद्र आपल्या इंदूरला सुरू झालं. आता गाणं निव्वळ कानानं ऐकायची सोय झाली. इंडीपॉपमध्ये दम असता तर तिथे राज्य केलं असतं. आम्ही कारखान्यात रात्रभर लावून ठेवायचो. सिनेमा, सिनेमा आणि सिनेमा.

काळा कोट

तो पराभव संगीताचा नाही, हिशेबाचा आहे. नव्या सिनेमाची जाहिरातच गाण्यातून होते, मग रेडिओ आणि वाहिन्या दोघांनाही सिनेमाचं गाणं सोयीचं. एकट्या गायकाच्या मागे कुणाचा पैसा उभा राहणार?

दुसरं म्हणजे रिमिक्स. तेव्हाच्या कॉपीराइट कायद्यात मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं उलटली की नोटीस आणि रॉयल्टी देऊन तेच गाणं नव्या आवाजात काढायला वाट होती. २०१२ च्या दुरुस्तीनं ती मुदत पाच वर्षांची झाली, अटीही कडक झाल्या. तोवर काय झालं? नवा कवी, नवा संगीतकार, नवी चाल या भानगडीत पडायचं कशाला? जुनं गाणं घ्या, ठेका चढवा. २००२ चं 'कांटा लगा' बघा: मूळ 'समाधि' सिनेमातलं, १९७२ चं, आर. डी. बर्मन यांची चाल आणि आवाज लताबाईंचा, ज्यांचा जन्म याच गावचा. तिथे मात्र रामबागकर म्हणतात तसं खरोखर नुसतं चित्र विकलं गेलं, आणि त्यात इंडीपॉप मेलं. त्याचा ठपका आधीच्या लोकांवर ठेवू नका. शान, केके, सोनू निगम तोवर सिनेमात गेले होते. 'पल' आलं त्याच वर्षी केके 'तडप तडप' गात होता.

सुदामानगरी

२०२२ च्या मे महिन्यात कोलकात्याला केकेचा शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हा शेवटी त्यानं 'पल'च म्हटलं. इतकी वर्षं सिनेमात गाऊनसुद्धा. आजही कॉलेजांच्या निरोप समारंभात त्याच अल्बममधलं 'यारों' वाजतं, आणि म्हणणाऱ्या मुलांचा तेव्हा जन्मही नव्हता. त्यांना कुठला व्हिडिओ आठवतोय, रामबागकर?

रामबागकर

हा प्रश्न बरोबर आहे, आणि केकेबद्दल माझी तक्रार नव्हतीच. चिठ्ठ्यांत त्याचं नाव दोघांनीच लिहिलं होतं, पेटीवालं आणि पिरॅमिडवालं ढीगभर! म्हणजे टिकलं ते गाणं आणि आठवलं ते चित्र. मी म्हणतोय ते यापेक्षा वेगळं काय आहे? तबलजी, 'पल' आणि 'कृष्णा नी बेगने' घेतो. 'ओ सनम' गिटारवर बसवून बघू. 'मेड इन इंडिया' मी घेणार नाही, ज्याला हवं त्यानं स्वतः येऊन म्हणावं.

मालव्यातली आजी

अरे पण मराठी मंडळाची कोजागिरी ना ती? एकही मराठी गाणं नाही?

बेसूर पण उत्साही

'ऐका दाजिबा' घ्या. वैशाली सामंत, अवधूत गुप्ते. हिंदी मुलखातल्या माझ्या वर्गमित्रांना तेवढं एकच मराठी गाणं येतं.

तबलजी

ते २००२ चं. विषय नव्वदचा आहे.

कॅसेटवाल्याचा भाचा

मग 'गारवा'. सौमित्रच्या कविता, मिलिंद इंगळेंची चाल. पुण्याहून कुणी आलं की ती कॅसेट घेऊन यायचं आणि मामाकडे तिच्या प्रती निघायच्या. ती मात्र नावानंच मागायचे लोक.

रात्रपाळीवाला

गारवा लावाल तर अर्धे लोक दूध न पिता झोपतील. एक तरी नाचायचं ठेवा, दलेर नसेल तर मी येतच नाही.

रामबागकर

ऑक्टोपॅडवाल्याला विचारून सांगतो.