दादाला सत्कार नको, मग प्लेटलेटदात्यांची यादी कशी चालवू?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, रामबागेतले. माझ्या दादाचे रक्ताच्या कर्करोगाचे उपचार गेल्या वर्षी संपले, आता फक्त तपासण्या. तेव्हा त्याला 19 वेळा प्लेटलेट चढवल्या. दर पिशवीमागे तो कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने एक रेघ ओढायचा आणि उलट मलाच विचारायचा, "तू पोहे खाल्लेस का?"

पुढच्या महिन्यात त्याची चाळिशी. शाल-श्रीफळाचं नुसतं नाव काढलं तर "मी त्या दिवशी उज्जैनला निघून जाईन" म्हणाला. म्हणून त्याचं नाव न लावता, पण त्याच्यासाठीच, प्लेटलेटदात्यांची यादी करायची आहे.

आधी शिबिराचा विचार होता. पण प्लेटलेट साधारण 5 दिवसच टिकतात, आणि रक्तातून त्या वेगळ्या काढायला यंत्रावर एका दात्याला तास-दीड तास लागतो. एकाच दिवशी 30 जण जमवून उपयोग नाही, गरज पडेल तेव्हा एक-दोन हवेत. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. 40 जण आले, पण निरोप टाकला की नुसते जोडलेले हात! (खरं सांगायचं तर पूर्वी मीही तेच करायचो.)

पैशांचा व्यवहार नाही, आणि दाता चालेल की नाही हे रक्तपेढीच ठरवणार. वेळ मला रोज रात्री अर्धा तास.

अशी यादी कुणी वर्षभर चालवली आहे का? आठवड्याची पाळी लावावी, की रक्तगट बघून थेट फोन करावा? आणि दर वेळी तेच चार जण अडकू नयेत म्हणून तुम्ही काय केलंत?