रोजच्या रस्त्यावरचं, कुणाच्या लक्षात न येणारं: तुमचे अनुभव

चौथा_माळा
काल मुंबईत हिंदमाताहून दादर टीटीकडे चालतच निघाले, बस काही येईना. चित्रा टॉकीजपाशी (बंद झालं ते, तरी तोंडात नाव तेच) एक शाळेतला पोरगा आईचा हात ओढत होता, "आई हा दगड कुणी ठेवलाय?" आई म्हणे चल रे उशीर होतोय. मला एकदम बाबाच आठवले. गिरणीतून आले की चहा पिऊन मला फिरायला न्यायचे आणि ह्याच काळ्या दगडाशी थांबून रोमन सहाचा आकडा वाचायला लावायचे. म्हणजे इथून सेंट थॉमस चर्च सहा मैल. फोर्टातलं ते १७१८ चं, इंग्रज तिथपासून मैल मोजायचे. फुटपाथ वर वर येत गेले तसे असे बरेच दगड जमिनीत गेले, काही आता खणून परत काढलेत. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हेही बाबांनीच सांगितलेलं, १९६४ ला ट्राम बंद झाली तरी ते शेवटपर्यंत "ट्रामच्या नाक्यावर जाऊन येतो" म्हणायचे. तुमच्याकडे काय काय आहे असलं, लिहा.

भाजणी
आमच्या शिवाजी पार्कला रस्ता ओलांडायच्या सिग्नलमध्ये बाईचं चित्र आहे!! फ्रॉकवाली. २०२० ला बसवल्या, तेव्हा सगळे घरात त्यामुळे कळलंच नाही. लेक म्हणते आई बाई हिरवी झाली चल. सासूबाईंचं म्हणणं फ्रॉक कशाला, नऊवारी नेसवायची.

फास्ट_लोकल
सिग्नल बघतं कोण पण 😂

अर्धा_कटिंग
हायकोर्टात दगडात कोरलेलं माकड पाहिलंय का कुणी? एका डोळ्याचं, हातात न्यायाचा तराजू. इमारत १८७८ ची. मामांबरोबर कागद द्यायला गेलो होतो, मामा म्हणाले ह्यांना नमस्कार कर, इथले सगळ्यात सीनियर.

गिरगाव_रिटर्न
जिन्याच्या कोपऱ्यातल्या देवांच्या फरशा कुणीच लिहिल्या नाहीत?? गणपती, साईबाबा, क्रॉस, मक्का सगळे एका ओळीत, पान खाऊन थुंकू नये म्हणून. आमच्या बिल्डिंगमध्ये एक महाभाग बरोब्बर दोन देवांच्या मधल्या फटीत नेम धरायचा. एवढी एकाग्रता अभ्यासात असती तर कलेक्टर झाला असता.

भाजणी
ईईई गिरगाव, मी जेवतेय

सोनमोहर
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. वांद्र्याला माहेर. गल्लीगल्लीत क्रॉस आहेत ना, त्यातले कितीतरी १८९६ च्या प्लेगच्या वेळचे. लोकांनी साथ टळावी म्हणून उभारले. आम्ही लहानपणी त्याच्या पायरीवर बसून पेरू खायचो, समोरची आंटी ओरडायची नाही, फक्त बिया उचलायला लावायची. कोविडमध्ये तिथे परत मेणबत्त्या दिसायला लागल्या. तीन शिट्ट्या झाल्या, येते.

वरचा_मजला
बेस्टच्या बसवर पुढे मराठी आकडा असतो, शेजारच्या तमिळ मामी त्याच्यावरच मराठी अंक शिकल्या. भाजीवाल्याच्या पाटीवरचा भाव वाचायला लागल्या तेव्हा त्या भाजीवाल्याचाच चेहरा पडला.

फास्ट_लोकल
मला रस्त्यात फक्त पेव्हर ब्लॉक दिसतात. एक पाऊल टाकलं की खालून पिचकारी, पँट गुडघ्यापर्यंत. त्यामुळे माझी नजर कायम खालीच, वर माकड असो नाहीतर हत्ती.

अर्धा_कटिंग
मग खालचं लिही की

फास्ट_लोकल
लिहिलं ना, पिचकारी

दोन_घर_सोडून
चौथा माळा ताई, बाबा कुठल्या गिरणीत? आमचे काका स्प्रिंग मिलला होते, साचाखात्यात (मागांवर).

चौथा_माळा
अय्या बाबाही स्प्रिंगलाच! साचाखातंच! नायगावला राहायचो आम्ही.

दोन_घर_सोडून
काय सांगता. काका घरात पण ओरडूनच बोलायचे, त्या साच्यांच्या खडखडाटाची सवय. आजी म्हणायची अरे मी समोरच बसलेय.

चौथा_माळा
अगदी अगदी. आणि ओठांवरून बोलणं ओळखायचे, खात्यात ऐकूच यायचं नाही ना काही. त्यामुळे आई ओट्यापाशी तोंडातल्या तोंडात जे पुटपुटायची ते बाबांना खोलीच्या त्या टोकावरून कळायचं. मग तिने पाठ फिरवून पुटपुटायला सुरुवात केली 😄