अनुभव धागा: पंचेचाळिशीनंतर फोनवरून / व्हिडिओ कॉलवरून आहारसल्ला घेऊन वजन उतरवलेले पुरुष

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. वजन उतरवल्याचे बायकांचे अनुभव भरपूर वाचायला मिळतात, आपल्या वयाचे पुरुष मात्र यावर बोलत नाहीत. ऑफिसात कुणाला स्टेंट पडला की चार दिवस सगळे बिनसाखरेचा चहा घेतात आणि पाचव्या दिवशी परत वडापाव. म्हणून म्हटलं आपणच सुरुवात करावी. ज्यांनी घरबसल्या आहारतज्ञांचा सल्ला घेतलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा, जमलं ते आणि जमलं नाही ते पण.

माझं वय ५६, चिंचवड. २०२३ च्या दिवाळीनंतर कंपनीच्या चेकअपमधे एचबीएवनसी (रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.३ आलं, ६.५ पासून पुढे डायबेटिस धरतात म्हणजे मी उंबरठ्यावरच होतो. वजन ९६, उंची पाच फूट सात. डॉक्टर म्हणाले आत्ता गोळी नको, आधी वजन उतरवा. भाच्याने एका आहारतज्ञ मॅडमचा नंबर दिला, त्या नाशिकला बसतात, सगळं व्हिडिओ कॉलवर.

पहिला कॉल ५० मिनिटं चालला. मला वाटलेलं पोळ्या किती भात किती असं विचारतील, तर त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "काका, तुमच्याकडे तेलाचा पाच लिटरचा डबा किती दिवस जातो?" मला माहीतच नव्हतं. हिला हाक मारली, ती म्हणाली महिनाभर जातो. घरात माणसं चार. मॅडमनी तिथल्या तिथे हिशोब मांडला, माणशी सव्वा लिटर म्हणजे दिवसाला साधारण ३८ ग्रॅम, एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या घरच्या तेलातून, बाहेरचं वेगळंच. मग कंबर विचारली. मी म्हटलं ३६, पॅन्ट ३६ ची लागते ना. त्यांनी कॅमेऱ्यासमोर टेप लावायला लावली, बेंबीच्या रेषेत भरली १०४ सेंटिमीटर, म्हणजे ४१ इंच. आपण पॅन्ट पोटाखाली घालतो, त्यामुळे पॅन्टचा नंबर पोटाचं काहीच सांगत नाही. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० च्या आत पाहिजे.

पण खरा फरक पडला तो दुसऱ्या कॉलमुळे. मी सवयीने म्हटलं थांबा हिला बोलावतो, तर मॅडम म्हणाल्या नको, तेल मोजायचं काम आता तुमचं, काकूंचं नाही. माणशी अर्धा लिटर, चौघांचे दोन. तेव्हापासून दर एक तारखेला मी दोन लिटर तेल बरणीत काढून ठेवतो, बरणीवर कागदाची पट्टी चिकटवून आठवड्याच्या चार खुणा केल्यात. पहिल्या महिन्यात १९ तारखेलाच बरणी तळाला गेली आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वैपाकघरात उभा राहून बघितलं की फोडणीला किती पडतं, आणि मी जी कुरकुरीत बटाट्याची भाजी मागायचो तिला किती लागतं. इतकी वर्षं ती माझ्या मागणीचं तेल ओतत होती आणि तेल कमी कर म्हणून बोलणी पण तीच खात होती, हे मला तेव्हा कळलं आणि फार लागलं.

दहा महिन्यात ९६ वरून ८४. मधे तीन महिने ८८ वर काटा अडकून बसला होता, काही केलं तरी हलेना, तेव्हा दर गुरुवारचा त्यांचा पाच मिनिटांचा फोन नसता तर मी सोडून दिलं असतं. एचबीएवनसी आता ५.७.

आता तुम्ही लिहा.

कोल्हापूर, वय ६१

चांगला धागा काढलाय. मी तालमीत वाढलेला माणूस, विशीत रोज संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध अर्धा लिटर प्यायचो, जोर बैठका हजाराच्या घरात होत्या तेव्हा ते अंगी लागायचं. तालीम सुटली, कापड दुकानात गादीवर बसलो, दूध काही सुटलं नाही, चाळीस वर्षं तेवढंच चालू. २०१८-१९ ला इकडं सगळीकडं डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवायची पद्धत गाजत होती, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मार्गदर्शन चालायचं, मी पण केलं, सात किलो उतरलं, पुढं लग्नसराई आली आणि मीच ढिला पडलो.

मागच्या वर्षी मुलीनं पुण्यातली आहारतज्ञ बघून दिली. त्या बाईंची रीत अशी की जेवायच्या आधी ताटाचा फोटो काढून पाठवायचा आणि ताटात एक चमचा आडवा ठेवायचा, म्हणजे चमच्यावरनं वाटी केवढी, भाकरी केवढी त्यांना अंदाज येतो. भाजी, आमटी, खर्डा सगळं दिसतंय, दूध मात्र ताटात नव्हतं म्हणून पंधरा दिवस त्यांना कळलंच नाही आणि मला पण दूध सांगावं असं वाटलं नाही, दूध म्हणजे आपल्याला खाणं वाटतच नाही. वजन का हलेना म्हणून त्यांनी सकाळी उठल्यापासून तोंडात जे जे जाईल ते बोलून रेकॉर्ड करा म्हटल्यावर निघालं. अर्ध्या लिटरात तीस-पस्तीस ग्रॅम फॅट जातंय म्हणाल्या. बंद कर म्हटल्या असत्या तर मी त्यांनाच बंद केलं असतं, खरं सांगतो. त्यांनी म्हटलं एक पेला ठेवा आणि त्याच्याबरोबरची खारी काढा. तांबडा-पांढरा रविवारी आहेच, फक्त वरचा कट पळीनं बाजूला करतो. नऊ किलो उतरलं, वर्ष झालं, अजून तिथंच हाय.

बंगळुरू (बाबांबद्दल लिहितेय, ते ७३, रत्नागिरीजवळ गावी)

मी मुलगी आहे, चालेल ना? बाबांच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, तेव्हा ८८ होतं. मी इथून एक ऑनलाइन प्लॅन घेऊन दिला, ओट्स, सॅलड, रात्री नुसतं सूप. सहा आठवड्यात पाच किलो कमी, आम्ही सगळे खूश, आणि गणपतीला गेले तर बाबांना खुर्चीतून हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नव्हतं. मांड्या सुकल्यासारख्या. मला इतकं अपराधी वाटलं, कारण फोनवर मी फक्त काटा किती हेच विचारत होते.

मग दुसऱ्या आहारतज्ञ शोधल्या ज्या म्हाताऱ्या माणसांचंच बघतात. त्यांनी आधी क्रिएटिनिन बघितलं, किडनी ठीक आहे म्हटल्यावर प्रोटीन वाढवलं. या वयात किलोमागे निदान एक ग्रॅम तरी हवं, बाबांच्या पोटात जेमतेम निम्मं जात होतं. बाहेरचं काहीच आणायला लावलं नाही, सकाळी अंडी, दुपारी पेजेऐवजी थोडा भात आणि जास्त कुळथाचं पिठलं, बांगडा तळलेला नको तिकलं करा. आणि वजनाच्या जोडीला नवीन माप दिलं, ३० सेकंदात हात न लावता खुर्चीतून किती वेळा उठता. सुरुवातीला ४, आता ११. वजन फार नाही उतरलं, ८१ आहे, पण स्वतः उठून अंगणात जातात.

अजून एक सांगते. बाबांना ऐकू कमी येतं आणि रेंज फक्त मागल्या पडवीत. ते सगळ्याला "हो हो" म्हणायचे. या मॅडम प्रत्येक कॉलच्या शेवटी म्हणतात, आजोबा मी काय सांगितलं ते आता तुम्ही मला सांगा. नाही सांगता आलं तर परत पहिल्यापासून, न चिडता, आणि नंतर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून फोटो पाठवतात, तो कागद आई फ्रिजवर लावते. घरच्या म्हाताऱ्यांसाठी सल्ला घेणार असाल तर असं करणारा माणूस शोधा.

नागपूर, वय ४९

माझा अनुभव वाईट आहे पण लिहितोच, कारण कोणाचा तरी जीव वाचेल. एक अ‍ॅप घेतलं होतं (नाव नाही लिहीत), वर्षाचे पैसे आधीच भरले, समोर माणूस नाहीच, चॅटवर उत्तरं. दिवसाला हजार कॅलरीचा प्लॅन आला. मला शुगरसाठी ग्लिमेपिराइड चालू होती, फॉर्ममधे औषधांचा रकानाच नव्हता आणि मला पण कळलं नाही की डॉक्टरांना विचारायला पाहिजे. नवव्या दिवशी सीताबर्डीच्या सिग्नलला गाडीवर असताना एकदम घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरचा लाल की हिरवा काही समजेना. गाडी कशीबशी बाजूला लावली, चहावाल्याने तोंड पाहूनच विचारलं शुगर आहे का भाऊ, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. घरी जाऊन मोजली तेव्हा सुद्धा ६८, त्यावेळी किती असेल देव जाणे.

डॉक्टरांनी गोळीचा डोस अर्धा केला, म्हणाले खाणं कमी करायच्या आधी मला फोन करायचा होता. जेवण कमी झालं आणि ही गोळी तेवढीच राहिली की शुगर धाडकन खाली येते. इन्सुलिनवाल्यांना तर हा धोका आहेच. आता ज्या मॅडमकडे आहे त्यांनी पहिल्या कॉलला गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मागितले, डाएटचं नंतर. हळूहळू चाललंय, पाच महिन्यात साडेचार किलो. खिशात ग्लुकोजची पुडी असते.

सातारा, वय ५२, एसटी चालक

आमच्यासारख्यांचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. मुक्कामी गाडी असते, संध्याकाळी निघायचं, रात्री गावात मुक्काम, पहाटे परत. पहिला जो चार्ट मिळाला त्यात ७ ला नाश्ता, १ ला जेवण, ८ ला जेवण. सात वाजता मी स्टेअरिंगवर असतो हो. दोन दिवसात कागद ठेवून दिला. पुतणीच्या ओळखीच्या ताईंनी वेगळं केलं, घड्याळ काढूनच टाकलं, ड्युटीच्या आधी, मुक्कामाला आणि घरी परतल्यावर एवढे तीनच टप्पे. साधा फोन, व्हिडिओ वगैरे नाही, मी मुक्कामाला पोचलो की मिस्ड कॉल देतो, त्या पाच मिनिटं बोलतात. त्यांनी चहा मोजायला लावला. प्रत्येक स्टँडला एक असे आठ होत होते, दोन चमचे साखर, म्हणजे सोळा चमचे, ८० ग्रॅम साखर दिवसाला. आता तीन, एक चमचावाले. डब्यात भाकरी, उसळ, फुटाणे, काकडी, रात्री ढाब्यावर बसणं बंद. आमचे वाहक पण सोबत करतात, त्यामुळे बरं पडतं. १०१ चा ९३ झालो. गाडीत चढउतार करताना दम लागत नाही आता.

टोकियो, वय ४७

इथे जपानमधे २००८ पासून नियमच आहे, ४० ते ७४ वयाच्या सगळ्यांची दरवर्षी तपासणी, त्यात कंबर मोजतात, पुरुषांना ८५ सेंटिमीटरची रेषा. त्याच्या पुढे गेलात आणि बीपी, शुगर वगैरेंपैकी काही वाढलेलं असलं की आहारतज्ञांशी बोलायचं बोलावणं येतं. मी ९१ होतो. निशी-कासाईत राहतो, आपली बरीच मंडळी आहेत इथे, बहुतेकजण ते पत्र बाजूला ठेवतात. मी गेलो, म्हणजे व्हिडिओ कॉलवर. लक्ष्य एवढंच की २ किलो आणि २ सेंटिमीटर. मला वाटलं इतकंच? पण तेवढंच असल्यामुळे जमलं.

गंमत म्हणजे दुकानातल्या डब्याचं सोपं होतं, प्रत्येक पुडक्यावर कॅलरी छापलेल्या असतात, अडचण घरच्या जेवणाची. त्या जपानी बाईंना पोळी, वरण, साबुदाणा खिचडी काही माहीत नाही, म्हणून मला प्रत्येक गोष्ट वजन करून समजावावी लागली, कणकेचा गोळा किती ग्रॅमचा, वर तूप किती. दुसऱ्याला समजावता समजावता मलाच पहिल्यांदा कळलं की उपासाच्या दिवशी मी सगळ्यात जास्त खातो.

नाशिक, आहारतज्ञ (१४ वर्षं)

धागा वाचून राहवलं नाही. माझ्याकडे पुरुषांच्या नावाने जेवढे कॉल लागतात त्यातले कितीतरी बायको उचलते. ती सगळं लिहून घेते, आणि महिन्याने वजन उतरलं नाही की तिलाच ऐकावं लागतं. मी आता स्पष्ट सांगते, काकांना फोन द्या. जे स्वतः बोलतात त्यांचं टिकतं. सल्ला घेताना समोरचा माणूस शिकलेला आहे का ते नक्की विचारा, आरडी म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन ही परीक्षा असते. आणि बीपीच्या गोळ्या चालू असतील तर वजन उतरताना बीपी मोजत राहा, उठल्यावर चक्कर आली तर डॉक्टरांना दाखवा, गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

ठाणे, वय ६७

वरच्या नाशिकच्या ताईंचं वाचून लिहितोय. आमची ही दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर सकाळी बिस्किटं, दुपारी बाहेरून डबा, रात्री पाव आणि काहीतरी, असं करत ११ किलो वाढलं. मुलगा कॅनडाला, त्याने जबरदस्तीने आहारतज्ञांची वेळ घेतली. त्यांनी चार्ट दिलाच नाही. म्हणाल्या काका, तुम्हाला काय काय करता येतं? मी म्हटलं चहा. मग म्हणाल्या चला वरणापासून सुरू करू. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवायचा, त्या तिकडून बघतात, मी इकडे करतो. तूरडाळ एक मूठ, पाणी किती, हळद, हिंग, कुकरच्या शिट्ट्या. पहिल्या दिवशी हिचा मसाल्याचा डबा उघडला तर हिंगाच्या डबीत तिचा छोटा चमचा तसाच होता, मला पुढचं काही सुचेना, कॉल तसाच चालू राहिला, त्या काही बोलल्या नाहीत, थांबल्या नुसत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, काका तोच चमचा वापरा, मापाला बरोबर आहे.

आता वरण, भात, दोन उसळी, पालेभाजी आणि अंड्याची पोळी येते. सहा किलो उतरलंय. पुढच्या मंगळवारी साडेअकराला ज्वारीची भाकरी शिकायची आहे. मी परवा करून बघितली तर थापताना कडा चिरत होत्या. पीठ जुनं आहे की पाणी पुरेसं गरम नव्हतं? कुणाला माहीत असेल तर मंगळवारच्या आत सांगा.