मदत हवी आहे: बॅटलफील्ड ४ चे मॅप पॅक घेतले, उतरवले, तरी गेममध्ये कुलूपच!

कोथरूडचा_मेडिक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, हा बंदुकबाजीचा व्हिडिओ गेम २०१३ चा आहे हे मला माहीत आहे. त्यामुळे "अजून हा कोण खेळतं?" असे प्रतिसाद कृपया नकोत. मी खेळतो. ऑफिसातले आम्ही चौघे शुक्रवार-शनिवार रात्री जेवणं उरकली की बसतो.

आता प्रश्न. माझ्याकडे पीएस४ (प्लेस्टेशन ४ कन्सोल) आहे, इथेच घेतलेला. गेमची डिस्क मात्र मावसभावाने दिली. तो अमेरिकेत एडिसनला असतो, आता पीसीवर गेलाय, म्हणून गेल्या दिवाळीला येताना पाच-सहा डिस्क बॅगेत टाकून घेऊन आला. डिस्क पहिल्या दिवसापासून व्यवस्थित चालते. मूळ गेमचे दहाही मॅप (लढाईची मैदानं) मी पालथे घातलेत. शांघायची ती उंच इमारत पाडून झाली, ऑपरेशन लॉकरच्या बोळात शेकडो वेळा मरून झालं.

बाकी तिघांकडे प्रीमियम, म्हणजे जादा मॅपचे पाचही पॅक एकत्र, आहे. ते त्यातल्या नेव्हल स्ट्राइक पॅकच्या सर्व्हरवर गेले की मी घरी माशा मारत बसतो. म्हणून सेल लागल्यावर माझ्या नेहमीच्या, म्हणजे भारतातल्या पीएसएन (प्लेस्टेशनचं ऑनलाइन दुकान) खात्यावर प्रीमियम घेतलं. रात्रभर कन्सोल चालू ठेवून पाचही पॅक उतरवले: चायना रायझिंग, सेकंड असॉल्ट, नेव्हल स्ट्राइक, ड्रॅगन्स टीथ, फायनल स्टँड.

सकाळी बघतो तर गेममध्ये सगळ्यांवर कुलूप. कुलूप दाबलं की गेम मला दुकानात नेतो, आणि दुकान म्हणतं की हे तर तुम्ही आधीच घेतलंय. म्हणजे पाहुण्याला दारात उभं करायचं आणि वर विचारायचं, जेवूनच आलात ना?

कन्सोल बंद-चालू केला. पॅक उडवून परत उतरवले, त्यात अजून एक रात्र गेली. काही फरक नाही. पैसे परत मिळतात का? की मी काहीतरी मूर्खपणा करतोय?

पिंगग्रस्त

सेटिंग्ज > अकाउंट मॅनेजमेंट > रिस्टोअर लायसन्सेस करून बघा. दहापैकी आठ वेळा तेवढ्यानेच काम होतं.

आणि एक शंका. नुसतं प्रीमियम घेतलं म्हणजे मॅप येत नाहीत, प्रत्येक पॅक वेगळा उतरवावा लागतो. ते केलंय ना?

कोथरूडचा_मेडिक

पाचही वेगवेगळे उतरवलेत, वर लिहिलंय की हो. रिस्टोअर लायसन्सेस आत्ता केलं. "झालं" असं म्हणाला. कुलूप जिथल्या तिथे.

तिरपी_चाल

मेडिक, एक काम करा. डिस्कच्या डबीवर खालच्या कोपऱ्यात वयाचा शिक्का असतो. तिथे काळ्या-पांढऱ्या चौकोनात मोठा "एम" आहे, की "१८" आकडा आहे?

कोथरूडचा_मेडिक

"एम" आहे. का हो?

तिरपी_चाल

मग निदान झालं. पॅक बरोबर आहेत, खातं बरोबर आहे. डिस्क अमेरिकन आहे.

जरा सविस्तर सांगते, कारण माझ्यावर दुसऱ्या एका गेमच्या बाबतीत हीच वेळ आली होती आणि मी तुमच्यापेक्षा जास्त रात्री घालवल्या होत्या.

पीएस४ ला गेमसाठी प्रदेशाचं बंधन नाही. अमेरिकेची डिस्क घाला, जपानची घाला, गेम चालतो. म्हणूनच कुणाला शंका येत नाही. पण डीएलसीचं, म्हणजे मॅप पॅकसारख्या वेगळ्या उतरवायच्या जादा भागांचं, तसं नाही. प्रत्येक प्रदेशातल्या आवृत्तीला स्वतःचा क्रमांक असतो. डबीच्या कण्यावर आणि डिस्कवर "सीयूएसए" आणि पुढे पाच आकडे छापलेले असतात, तोच तो. एकच गेम, पण अमेरिकेत एक क्रमांक आणि युरोपात दुसरा. कन्सोलच्या लेखी हे दोन वेगळे गेम आहेत. डीएलसी त्यातल्या एकाच्याच नावाने निघतो.

आपलं भारतातलं दुकान डीएलसीच्या बाबतीत युरोपच्या गटात मोडतं. इथे अधिकृत विकल्या जाणाऱ्या डिस्कही साधारणपणे युरोपच्याच असतात, त्यांच्यावर पेगीचा (युरोपातल्या वयाच्या शिक्क्याचा) "१८" असतो. तुम्ही इथल्या दुकानातून घेतलेले मॅप युरोपच्या बॅटलफील्ड ४ चे आहेत. ते तुमच्या हार्ड डिस्कवर मुकाट बसलेत आणि आपल्या गेमची वाट बघतायत. तुम्ही घातलेला गेम त्यांच्या ओळखीचाच नाही.

पैसे परत मिळण्याबद्दल: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत मागता येतात, पण डाउनलोड सुरू केलेलं नसेल तरच. तुम्ही दोनदा उतरवलंय. ते विसरा.

कोथरूडचा_मेडिक

अरे देवा. म्हणजे पैसे बुडाले.

नाशिकचा_रणगाडा

बुडाले कुठे? भाऊ, उलटा विचार कर. मॅप तुझ्या खात्यावर कायमचे आहेत. चुकीची वस्तू एकच आहे, ती डिस्क. मग डिस्कच बदल ना! "१८" शिक्क्याची जुनी डिस्क शोध. इतका जुना गेम, कुणाच्या तरी कपाटात धूळ खात पडलेला असणारच. सेलमध्ये दिसला तर इथल्या दुकानातून डिजिटल घे, तोही चालेल.

पिंगग्रस्त

+१. माझ्या डोक्यात आलंच नाही. मी आपला लायसन्स-लायसन्स करत बसलो.

आजोबा_रीस्पॉन

दुसरी वाट पण आहे, ती बघून घ्या. २०१६ च्या सप्टेंबरात, बॅटलफील्ड १ (नाव १, पण ४ च्या नंतरचा गेम) यायच्या आधी, थोडे दिवस बॅटलफील्ड ४ चे सगळे पॅक फुकट दिले होते. त्या दिवसांत ज्याने "घ्या" दाबलं त्याच्या खात्यावर ते आजही आहेत. तुमच्या मावसभावाने तेव्हा दाबलं असेल तर त्याच्या अमेरिकन खात्यावर अमेरिकन मॅप असतील, आणि ते तुमच्या अमेरिकन डिस्कला चालतील.

त्यासाठी त्याचं खातं तुमच्या कन्सोलवर "प्रायमरी" करावं लागेल. मग त्या कन्सोलवरच्या बाकीच्या खात्यांनाही ते मॅप वापरता येतात. तो स्वतः आता पीसीवर असल्यामुळे त्याचं काही अडायचं नाही. फक्त पासवर्ड व्हॉट्सअॅपवर मागू नका. पुढच्या वेळी आला की त्याच्याच हाताने साइन-इन करू दे.

कोथरूडचा_मेडिक

विचारलं त्याला. म्हणाला, "फुकट होते? कधी?" आमच्या घराण्याचं नशीब!

तिरपी_चाल आणि रणगाडा, दोघांचे मनापासून आभार. "१८" वाल्या डिस्कच्या मागे लागतो. डिस्क बदलली तर माझी रँक जाईल का? ८७ वर आहे. ती गेली तर मी सरळ बुद्धिबळ खेळायला लागेन.

तिरपी_चाल

मल्टिप्लेअरची रँक आणि बंदुका सर्व्हरवर तुमच्या खात्याशी जोडलेल्या असतात, डिस्कशी नाही. त्या राहतील. कॅम्पेनचं (एकट्याने खेळायच्या कथेचं) सेव्ह मात्र जाईल, कारण ते त्या सीयूएसए क्रमांकाला बांधलेलं असतं. बॅटलफील्डच्या कॅम्पेनचं कुणाला दुःख होणार आहे म्हणा.

आधी अमेरिकन गेम पूर्ण उडवा, नाहीतर जागा पुरणार नाही. नवी डिस्क बसवा, अपडेट होऊ द्या, मगच पॅक उतरवा.

जुना_सायबरवाला

अवांतर आहे, पण राहवत नाही.

मी २००४ पासून काही वर्षं ठाण्यात सायबर कॅफे चालवायचो. तेव्हा काउंटर-स्ट्राइक १.६ चे मॅप म्हणजे एक फाइल. कुणीतरी पोरगा पेनड्राइव्हवर घेऊन यायचा, मी ती बाराही मशीनच्या "मॅप्स" फोल्डरमध्ये टाकायचो, की अर्ध्या तासात सगळे पूल डे या मॅपवर पाण्यात उड्या मारत असायचे. आइसवर्ल्डवर तर एका तासात चाळीस राउंड व्हायचे. पोरं भांडायची, तासाचे पैसे द्यायचे विसरायची, पण "तुझ्याकडे हा मॅप नाही, तू बाहेर बस" असं कधी कुणाला ऐकावं लागलं नाही. इंटरनेटवरच्या सर्व्हरला जोडलं तर मॅप नसेल तो सर्व्हर स्वतःच पाठवायचा. हळू यायचा, पण यायचा.

कॉल ऑफ ड्यूटी ४ चा व्हरायटी मॅप पॅक २००८ मध्ये आला, तेव्हा कन्सोलवाल्यांना पैसे मोजावे लागले आणि पीसीवाल्यांना त्याच गेमच्या १.६ पॅचबरोबर (अपडेटबरोबर) फुकट मिळाला. त्यातला किलहाउस आमच्याकडे वर्षभर चालला. पुढच्याच वर्षी मॉडर्न वॉरफेअर २ आला आणि त्याचे मॅप पीसीवरही विकत. शिवाय खेळणाऱ्यांचे स्वतःचे सर्व्हर काढून घेतले. तिथे माझा धंदा अर्धा झाला असं म्हणत नाही, पण गंमत गेली.

मॅप विकले की खेळणारे वाटले जातात. कुणाकडे पहिला पॅक, कुणाकडे तिसरा, कुणाकडे एकही नाही. लोक शेवटी सगळ्यांकडे असलेल्या मूळ मॅपवरच येतात आणि पैसे देणारा रिकाम्या सर्व्हरवर एकटा फिरतो.

आजोबा_रीस्पॉन

सायबरवाले, तंतोतंत. टायटनफॉलचं हेच झालं. २०१४ ला मॅप पॅक विकले, २०१५ ला फुकट करावे लागले, आणि टायटनफॉल २ मध्ये सगळे मॅप पहिल्यापासून फुकट. कॉल ऑफ ड्यूटीने २०१९ च्या मॉडर्न वॉरफेअरपासून विकणं सोडलं. आता बंदुकीचा रंग विकतात. तो नाही घेतला तरी खेळायला मिळतं.

एक मात्र म्हणेन. पैसे घेऊन केलेले ते पॅक मन लावून केलेले होते. चार मॅप, नव्या बंदुका, कधी नवा खेळप्रकार. आता सीझनला एखाद-दुसरा मॅप आला तरी लोक हार घालतात.

कोथरूडचा_मेडिक

दहा दिवसांनी अपडेट देतोय.

रणगाड्याने व्यनि (खाजगी निरोप) करून सांगितलं की त्याच्या भाच्याकडे "१८" ची डिस्क पडून आहे. भाचा पुण्यातच, हॉस्टेलवर. जाऊन घेतली. पैसे घेत नव्हता, म्हणून बाकरवडी दिली. सांगितलं तसंच केलं: जुना गेम उडवला, नवा बसवला, अपडेट, मग पॅक. पहाटे चारला कुलपं गेली. रँक ८७ च आहे.

आता पुढचं रडगाणं. मॅप उघडले, पण नेव्हल स्ट्राइकला सर्व्हर ब्राउझरमध्ये जवळपास सगळीकडे शून्य. आमचे तिघे म्हणतात की तेही हल्ली लॉकरवरच असतात!

पिंगग्रस्त

आशियाच्या सर्व्हरची आशा सोडा, युरोप निवडा. पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) वाढेल, पण माणसं तरी दिसतील. फिल्टरमध्ये पॅकच्या नावावर शोधू नका. जे सर्व्हर मूळ आणि पॅकचे मॅप मिसळून फिरवतात ते शोधा आणि फेव्हरिट करून ठेवा. आपल्या रात्री साडेअकरानंतर तिकडे संध्याकाळ असते, तेव्हा भरलेले असतात.

तिरपी_चाल

मिळेल तेव्हा वेव्ह ब्रेकर हा मॅप सोडू नका. बेटाच्या पोटात पाणबुड्यांचा तळ आहे, बोट थेट डोंगराच्या आत नेता येते. मेडिक असाल तर पर्ल मार्केट. गल्ल्या, गच्च्या, जिने, आणि दर दहा पावलांवर कुणीतरी पडलेलं. तुळशीबागेत दसऱ्याच्या आदल्या दिवशी ग्रेनेड फेकल्यासारखं.

नाशिकचा_रणगाडा

कॅरिअर असॉल्ट हा खेळप्रकार एकदा तरी. दोन विमानवाहू नौका, मधली ठिकाणं जिंकली की तिथून शत्रूच्या नौकेवर क्षेपणास्त्रं सुटतात, आणि शेवटी तिच्यावर चढून आतून उडवायची. चौघांनी माईकवर बोलत खेळलं तरच मजा. मी येतो तुमच्यात, पाचवा चालेल का?

आजोबा_रीस्पॉन

बॅटलफील्ड ४ चा स्क्वॉड पाच जणांचा असतो. बरोबर बसताय.

कोथरूडचा_मेडिक

चालेल काय, यायलाच हवं, डिस्क तुमचीच आहे! शनिवारी रात्री पावणेबाराला. युरोपचा सर्व्हर मी शोधून ठेवतो, आयडी व्यनि करा.

मावसभाऊ पुढच्या महिन्यात येतोय. अजून चार डिस्क आणू का म्हणून विचारत होता. त्याला नुसता डबीच्या कोपऱ्याचा फोटो पाठवायला सांगितलंय.